मुक्त सॉफ्टवेअर की कंपनीच्या मालकीचं? रोजच्या कामाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या गावी मी पंधरा-सोळा वर्षं डीटीपीचं दुकान चालवलं. दुकान आता बंद आहे. शाळांचे, वाचनालयांचे, दुकानदारांचे संगणक लावून देणं आणि अडकलेल्या फाइली सोडवून देणं हे मात्र सुरूच आहे. ते करताना लोक जे विचारतात तेच इथे घेतलं आहे. उत्तरं माझ्या अनुभवाची आहेत आणि माझा कल मुक्त सॉफ्टवेअरकडे आहे, हे आधीच सांगून ठेवतो. पण जिथे ते पुरत नाही, तिथे तसं स्पष्ट लिहिलं आहे.

मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे फुकटचं सॉफ्टवेअर ना?

नाही. इंग्रजीत दोन्ही अर्थांना एकच शब्द असल्यामुळे हा घोळ जगभर झाला. आपल्याकडे 'मुक्त' आणि 'फुकट' हे दोन वेगळे शब्द आधीपासूनच आहेत, ते वेगळेच वापरावेत.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये मुक्त सॉफ्टवेअर घडवण्याचा ग्नू प्रकल्प जाहीर केला आणि १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन सुरू केलं. त्यांनी मांडलेली चार स्वातंत्र्यं आजही कसोटी म्हणून वापरतात. प्रोग्राम हव्या त्या कामासाठी चालवता आला पाहिजे. त्याचा कोड, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर, बघून त्यात बदल करता आला पाहिजे. जशीच्या तशी प्रत दुसऱ्याला देता आली पाहिजे आणि आपण सुधारलेली प्रतही वाटता आली पाहिजे. किमतीबद्दल यात अक्षर नाही. मुक्त सॉफ्टवेअर पैसे घेऊन विकायलाही बंदी नाही. ते बहुतेक वेळा फुकट मिळतं, कारण ज्याला एक प्रत मिळाली तो पुढे दहा जणांना देऊ शकतो.

मग फुकट मिळतं पण मुक्त नाही, असं काही असतं का?

भरपूर असतं. व्हॉट्सॲपला पैसे पडत नाहीत, गूगल डॉक्सला पडत नाहीत, पीडीएफ उघडायचा ॲक्रोबॅट रीडर फुकट आहे. यांतलं एकही मुक्त नाही. उद्या कंपनीने अट बदलली, सोय काढून घेतली किंवा महिन्याचे पैसे लावले, तर तुमच्या हातात काही राहत नाही. फुकट आहे म्हणून वापरू नका असं मी म्हणत नाही, व्हॉट्सॲप मीही वापरतो. एवढंच, की वर्षानुवर्षांचं काम अशा ठिकाणी ठेवताना त्याची एक प्रत आपल्याकडेही असू द्यावी.

मला प्रोग्रामिंग येत नाही. कोड बघायला मिळाला काय आणि न मिळाला काय?

हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि सगळ्यात जास्त वेळा येतो. मी स्वतःही प्रोग्रामर नाही.

उत्तर एका खऱ्या घटनेतून देतो. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९९९ मध्ये स्टारऑफिस हे वर्ड-एक्सेलसारखं कार्यालयीन सॉफ्टवेअर विकत घेतलं आणि पुढच्याच वर्षी त्याचा कोड ओपनऑफिस या नावाने खुला केला. दहा वर्षं लोकांनी ते वापरलं, भाषांतरित केलं, सुधारलं. २०१० मध्ये सन कंपनीच ओरॅकलने घेतली. नव्या मालकाच्या हाताखाली प्रकल्पाचं काय होणार, ही धास्ती पडली. बंदिस्त, म्हणजे कोड कंपनीकडेच ठेवलेल्या, सॉफ्टवेअरच्या बाबतीत असं झालं असतं, तर वापरणाऱ्यांना वाट बघण्यापलीकडे काही करता आलं नसतं. इथे काम करणाऱ्या मंडळींनी सप्टेंबर २०१० मध्ये तोच कोड घेऊन लिब्रेऑफिस नावाने वेगळी चूल मांडली. आज आपण वापरतो ते तेच. त्यांना कुणाची परवानगी मागावी लागली नाही आणि माझ्यासारख्याची एकही फाइल अडकली नाही.

कोड मी वाचला नाही. पण दुसऱ्या कुणाला वाचता आला, उचलता आला, म्हणून माझं काम चालू राहिलं.

मराठीत काम करणाऱ्याला यात वेगळं काय आहे?

खूप काही आहे. उलट मी म्हणेन की बंदिस्त सॉफ्टवेअरमध्ये अडकणं म्हणजे काय, हे मराठी डीटीपीवाल्याइतकं क्वचितच कुणाला कळलं असेल.

प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक ठरवून देणाऱ्या युनिकोडच्या आधीचे मराठी फॉन्ट आतून इंग्रजीच असत. 'कृतिदेव'मध्ये 'मराठी' हा शब्द टाइप केला की फाइलमध्ये साठायचं ते ई, जे, के, बी, एच ही इंग्रजी अक्षरं. फॉन्ट त्या ई ला 'म'चं चित्र द्यायचा, जे ला 'र'चं. फॉन्ट काढला की पानभर इंग्रजी अक्षरांचा कचरा. प्रत्येक कंपनीची चित्रांची मांडणी वेगळी, म्हणून एका दुकानातली फाइल दुसऱ्या दुकानात वाचता येत नसे. त्यावर कहर म्हणजे काही पॅकेजांना संगणकाच्या मागे, प्रिंटरच्या पोर्टला 'लॉक' नावाचं छोटं उपकरण लावावं लागे. लॉक नाही तर टायपिंग नाही.

आमच्या गावच्या वाचनालयाची एक स्मरणिका मी १९९८ मध्ये अशाच पॅकेजवर केली. जुन्या गावकऱ्यांच्या आठवणी, विहिरींची नावं, दुष्काळाच्या काळातल्या ओव्या, असं सगळं त्यात होतं. वीस वर्षांनी नवी आवृत्ती काढायचं ठरलं. फाइल सुखरूप होती, सीडी वाचली जात होती. पण लॉक मोडलेलं, ते लावायचं पोर्ट नव्या संगणकाला नाही आणि विकणाऱ्याने ती आवृत्ती केव्हाच सोडून दिलेली. शेवटी छापील प्रत समोर ठेवून सगळं पुन्हा टाइप केलं. ज्यांनी त्या ओव्या सांगितल्या, त्यांतलं बहुतेक कुणी शंका विचारायला उरलं नव्हतं. तेव्हापासून सॉफ्टवेअर निवडताना मी पहिला प्रश्न एकच विचारतो: ही फाइल वीस वर्षांनी, कुणाच्या परवानगीशिवाय, दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडेल का?

युनिकोडने यातलं बरंच सोडवलं. आता 'म' हा सगळीकडे 'म'च असतो. युनिकोड हे सॉफ्टवेअर नव्हे, ते खुलं मानक आहे, आणि बंदिस्त प्रोग्रामही ते पाळतात. पण ते पडद्यावर नीट उमटवण्याचं काम बरंचसं मुक्त सॉफ्टवेअर करतं. जोडाक्षरं जुळवणारी, वेलांटी योग्य जागी नेणारी हार्फबझ ही लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रामांच्या आत वापरला जाणारा तयार कोड, मुक्त आहे. लिब्रेऑफिस, फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड या सगळ्यांत तीच आहे. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतला फरक तुमच्या फोनवर दिसतो, त्यात तिचा वाटा आहे.

आमच्याकडे जुन्या फॉन्टमधल्या शेकडो फाइली आहेत. काय करू?

आजच हात घाला. तो जुना संगणक चालू आहे तोवर काम सोपं आहे.

आधी प्रत्येक फाइलची पीडीएफ काढून ठेवा, म्हणजे निदान दिसायला तरी मजकूर राहील. मग परिवर्तकाने, म्हणजे जुन्या फॉन्टचा मजकूर बदलून देणाऱ्या प्रोग्रामने, युनिकोडमध्ये बदला. प्रचलित जुन्या फॉन्टांसाठी परिवर्तक मिळतात. मात्र निकाल, पतसंस्थेच्या याद्या, कोर्टाचे कागद असलं काही अनोळखी संकेतस्थळावर चिकटवू नका. बदलल्यावर मुद्रितशोधन करावंच लागतं. जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षरानंतर साठवलेला असे, त्यामुळे चुका नेमक्या तिथे होतात. 'ऱ्य', 'द्ध', 'ह्म' आणि चंद्रबिंदू डोळ्यांखालून घाला.

ज्या फॉन्टला परिवर्तकच सापडत नाही, त्याच्यासाठी टेसरॅक्ट वापरा. हा चित्रातली अक्षरं ओळखणारा मुक्त प्रोग्राम आहे आणि त्याला मराठी वाचता येतं. पीडीएफची स्वच्छ चित्रं काढायची, ती टेसरॅक्टला द्यायची, मजकूर युनिकोडमध्ये मिळतो. छपाई स्पष्ट असेल तर पुन्हा टाइप करण्यापेक्षा कितीतरी कमी मेहनत. आमच्या स्मरणिकेच्या वेळी मला हे माहीत नव्हतं.

वर्ड काढून लिब्रेऑफिस टाकलं. समोरच्याकडे फाइल गेली की मांडणी बिघडते. असं का?

बहुतेक वेळा दोष फॉन्टचा असतो. तुमच्या संगणकावर कॅलिब्री किंवा कॅम्ब्रिया नसेल तर त्या जागी दुसरा फॉन्ट येतो, अक्षरांची रुंदी बदलते आणि ओळी पुढच्या पानावर घसरतात. कार्लिटो आणि कॅलाडिया हे मुक्त फॉन्ट नेमके त्यांच्याच रुंदीचे बनवले आहेत. ते टाका, अर्धी तक्रार तिथेच संपते. मराठी मजकुरासाठी दोघांकडेही असेल असा मुक्त फॉन्ट ठरवून घ्या. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा 'मुक्त', रेड हॅटने आणलेला 'लोहित' किंवा 'नोटो' यांपैकी कुठलाही चालेल, आणि ते समोरच्याला पाठवणं पूर्ण कायदेशीर आहे.

बाकीचं सवयीनं सुटतं. समोरच्याने नुसतं वाचायचं किंवा छापायचं असेल तर पीडीएफ पाठवा. त्यात बदल करायचे असतील तर वर्डच्या डॉकएक्स स्वरूपात पाठवा, पण तुमची मूळ प्रत ओडीटीमध्येच ठेवा. ओडीटी ज्या ओपन डॉक्युमेंट कुटुंबातलं आहे त्याला २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा आहे आणि लिब्रेऑफिसचं ते स्वतःचं स्वरूप आहे. तीच फाइल सतत डॉकएक्समध्ये इकडून तिकडे फिरवत राहिलात की तक्ते आणि क्रमांकन हळूहळू विस्कटतात.

एक बारकी गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. लिब्रेऑफिसच्या पर्यायांत भाषांच्या पानावर 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' चालू करून तिथे मराठी निवडा. फॉन्टमध्ये सोय असेल तर 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे येतात, नाहीतर हिंदी वळणाचे येतात. पाठ्यपुस्तकाचं काम करणाऱ्यांनी हे जरूर करावं.

आणि जिथे दिवसभर दहा जण एकाच डॉकएक्समध्ये शेरे टाकत, दुरुस्त्या मान्य-अमान्य करत बसतात, अशा कार्यालयात तुम्ही एकट्यानेच वेगळा प्रोग्राम वापरल्याने सगळ्यांना त्रास होतो. तिथे वर्डच वापरा.

एक्सेलचं काय?

पगारपत्रक, मार्कांची यादी, भिशीचा हिशेब, साधे आलेख यांना लिब्रेऑफिस कॅल्क पुरेसं आहे. मॅक्रो, म्हणजे एक्सेलच्या आत लिहिलेले छोटे प्रोग्राम, भरलेल्या फाइलींना ते पुरत नाही. आयकर विभागाची एक्सेल युटिलिटी मॅक्रोंवर चालते, ती कॅल्कमध्ये चालवायचा हट्ट धरू नका. विवरणपत्र थेट पोर्टलवर ब्राउझरमधून भरता येतं.

आमचे सीए साहेब म्हणतात टॅलीच पाहिजे. तेही सोडू?

सोडू नका. तुमचा हिशेब ज्याला तपासायचा आहे त्याला जे कळतं, ते वापरणं शहाणपणाचं आहे. टॅली बंगळुरूच्या कंपनीचं मालकीचं सॉफ्टवेअर आहे, जीएसटीची सोय त्यात पक्की आहे आणि तालुक्याच्या गावीही ते येणारी मुलं सापडतात. ग्नूकॅश हा मुक्त प्रोग्राम घरखर्चाला किंवा लहान मंडळाच्या जमाखर्चाला उत्तम आहे, पण जीएसटी विवरणपत्रांची आपल्याकडची पद्धत त्यात बसवलेली नाही.

फक्त दर वर्षअखेरीला खातेवह्या आणि रोजकीर्द पीडीएफ व एक्सेलमध्ये काढून वेगळ्या ठेवा. उद्या परवाना संपला तरी जुने हिशेब वाचता आले पाहिजेत.

गोदाम, खरेदी, उत्पादन, पगार असं सगळं एकत्र सांभाळणारा कारखाना असेल तर ईआरपीनेक्स्ट बघा. ते मुंबईच्या फ्राप्पे या कंपनीने बनवलेलं आहे, जीपीएल या मुक्त परवान्याखाली आहे, आणि कुठल्याही परदेशी पॅकेजच्या शेजारी ठेवावं असं आहे. बसवायला जाणकार लागतो, त्याचे पैसे द्या.

फोटोशॉप, कोरलड्रॉ, पेजमेकर वापरणाऱ्यांनी काय करावं?

इथे मी सावध उत्तर देतो, कारण माझं पोट यावर होतं.

फोटो कापणं, उजळणं, पार्श्वभूमी काढणं यासाठी गिंप पुरतं. बोधचिन्हं, आकृत्या, लग्नपत्रिकेची नक्षी यासाठी इंकस्केप चांगलं आहे. पानांच्या मांडणीला स्क्रायबस आहे. देवनागरी जोडाक्षरं त्यात पूर्वी तुटत, १.५ या मालिकेपासून नीट येऊ लागली. चित्रकारांना क्रिटा आवडतं. ॲनिमेशन करणारं ब्लेंडर तर कुठल्याही किमतीच्या प्रोग्रामच्या तोडीचं आहे. २००२ मध्ये वापरणाऱ्यांनी सात आठवड्यांत एक लाख युरो गोळा करून ते मालकांकडून सोडवून घेतलं होतं आणि २०२५ मध्ये ऑस्कर मिळवणारा लॅटव्हियाचा ॲनिमेशनपट त्यात बनला.

अडचण येते ती छापखान्यात. फ्लेक्सवाला 'सीडीआर फाइल द्या' म्हणतो, म्हणजे कोरलड्रॉचीच, चार रंगांच्या छपाईला रंगांचं विभाजन काटेकोर लागतं, जुने ऑपरेटर पेजमेकरशिवाय दुसरं उघडत नाहीत. तुमचं काम रोज छापखान्याशी असेल तर त्याच्या गरजेप्रमाणे एक परवाना विकत घ्या. महिन्याला एखादी पत्रिका करणाऱ्याने मात्र तो खर्च करू नये. इंकस्केपमधून पीडीएफ काढताना अक्षरांच्या बाह्यरेषा करून दिल्या की फॉन्टची कटकट उरत नाही आणि फ्लेक्सवाला ती बिनतक्रार घेतो.

सगळे क्रॅक केलेलं वापरतात. आम्ही वापरलं तर काय बिघडतं?

या प्रश्नावर माझं मत ठाम आहे: वापरू नका.

कायदा आधी सांगतो. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३ ब नुसार, सॉफ्टवेअरची बेकायदा प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणाऱ्याला किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर नफ्यासाठी किंवा धंद्यासाठी नसेल तर न्यायालय कैद न देता ५० हजारांपर्यंत दंड करू शकतं. म्हणजे दुकानदाराला मोठा धोका आहे.

पण मला जास्त काळजी वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. क्रॅक चालवायला अँटिव्हायरस बंद करा असं सांगतात आणि आपण तो बंद करतो. एका पतपुरवठा करणाऱ्या संस्थेचा सगळा डेटा असाच कुलूपबंद झालेला मी पाहिला आहे. पडद्यावर खंडणीची चिठ्ठी, आणि बॅकअपची डिस्क त्याच संगणकाला जोडलेली, तीही गेलेली. व्यवस्थापक मॅडम रडत होत्या आणि मला करण्यासारखं काही नव्हतं.

शिवाय चोरीच्या प्रतीने आपण त्याच बंदिस्त स्वरूपाची सवय आणखी घट्ट करतो. गावातले सगळे क्रॅक केलेलं वापरतात, म्हणून गावातल्या सगळ्यांना तीच फाइल लागते. शंभर टक्के कायदेशीर पर्याय समोर असताना हे का करायचं?

विंडोज १० बंद झालं म्हणतात. आमचा संगणक जुना आहे. टाकून देऊ?

विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर लागतो, म्हणून अनेक चांगले संगणक त्यात बसत नाहीत. वाढीव सुरक्षा-सुधारणांची सोय आहे, पण तीही मर्यादित काळापुरती.

अशा संगणकावर लिनक्स मिंट टाकून पाहा. लिनक्स ही विंडोजच्या जागी चालणारी मुक्त प्रणाली आहे आणि मिंट ही तिची एक आवृत्ती. ४ जीबी रॅम असेल तर त्याची एक्सएफसीई आवृत्ती घ्या. टाइपिंग, इंटरनेट, व्हिडिओ, बँकेचं काम आरामात चालतं. मेमरी कार्ड, हार्ड डिस्क काही पुसायच्या आधी ते पेनड्राइव्हवरून चालवून बघता येतं. वायफाय लागतं का, आवाज येतो का, मराठी टाइप होतं का, मुख्य म्हणजे प्रिंटर छापतो का, हे तेव्हाच तपासा. एचपीच्या बहुतेक प्रिंटरांना अडचण येत नाही. आपल्याकडे दुकानादुकानांत दिसणारं एक जुनं लहान लेझर मॉडेल मात्र लिनक्सवर फार छळतं, त्यात माझे दोन रविवार गेले आहेत. प्रिंटर आणि डिजिटल सिग्नेचरचं टोकन या दोन गोष्टींवर काम अडत असेल, तर कार्यालयात एक संगणक विंडोजचा राहू द्या आणि बाकीचे बदला.

मुलीला नोकरीत वर्ड-एक्सेलच विचारणार. तिला लिनक्स शिकवून नुकसान होणार नाही का?

एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र लागत असेल तर ते जरूर करू द्या. पण परिच्छेदाला शैली लावणं, अनुक्रमणिका आपोआप तयार करणं, सूत्र लिहिणं, यादी चाळून काढणं हे एकदा समजलं की प्रोग्राम बदलल्याने फार अडत नाही. बटण कुठे आहे ते आठवड्यात सापडतं. ज्या मुलांना फक्त बटणांच्या जागा पाठ असतात, त्यांना वर्डची नवी आवृत्ती आली तरी गोंधळायला होतं.

केरळच्या सरकारी शाळा कितीतरी वर्षं मुक्त सॉफ्टवेअरवर शिकवतात. तिथली काईट ही संस्था शाळांसाठी स्वतःची लिनक्स आवृत्ती तयार करते, शिक्षकांना प्रशिक्षण देते. महाराष्ट्रात शाळांना भेट मिळालेले संगणक परवान्याअभावी किंवा व्हायरसमुळे धूळ खात पडलेले मी पाहतो, तेव्हा ते फार लागतं.

परदेशी कंपनी नको. भारतीय सॉफ्टवेअर घेतलं की झालं ना?

स्वदेशी आणि मुक्त या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुलै २०२५ मध्ये युरोपीय निर्बंधांमुळे मायक्रोसॉफ्टने गुजरातमध्ये वाडिनारला तेलशुद्धीकरण कारखाना असलेल्या नायरा एनर्जीच्या सेवा थांबवल्या. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि काही दिवसांत सेवा पुन्हा सुरू झाल्या. पैसे भरलेले, डेटा स्वतःचा, तरी कुलूप दुसऱ्याच्या हातात. त्यानंतर देशात झोहोची चर्चा वाढली. चेन्नईच्या या कंपनीचं काम चांगलं आहे आणि भारतीय कंपनी वाढली तर मला आनंदच आहे. पण झोहोचा कोडही बंद आहे. किल्ली परदेशातून चेन्नईत आली, तुमच्या खिशात आली नाही. १९९८ मध्ये आमची स्मरणिका ज्या लॉकने अडवली, तेही देशीच होतं.

केंद्र सरकारने २०१५ मध्ये सरकारी कामात मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचं धोरण जाहीर केलं. तालुका कचेरीपर्यंत ते अजून पुरतं झिरपलेलं दिसत नाही.

कोड सगळ्यांना दिसतो, मग चोरालाही दिसतो. सुरक्षित कसं?

कोड दिसल्याने सॉफ्टवेअर आपोआप सुरक्षित होत नाही, हे मान्य. २०१४ मध्ये इंटरनेटवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएलमधली 'हार्टब्लीड' ही चूक उघड झाली, ती दोनेक वर्षं कुणाच्या लक्षात आली नव्हती. मार्च २०२४ मध्ये फाइली लहान करणाऱ्या एक्सझेड या मुक्त प्रकल्पात कुणीतरी विश्वास कमावून मागचं दार, म्हणजे चोरून आत शिरायची वाट, बसवलेलं सापडलं. सापडलं कसं? आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला सर्व्हरवर लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय असं वाटलं आणि त्याने आत शिरून पाहिलं. तो नोकरीला मायक्रोसॉफ्टमध्ये आहे. कोड बंद असता तर त्याला आत शिरताच आलं नसतं.

घरगुती वापरासाठी साधा नियम: अद्ययावत करणं टाळू नका, आणि प्रोग्राम त्याच्या मूळ ठिकाणाहूनच उतरवा. व्हिडिओ चालवणाऱ्या व्हीएलसीच्या नावाने बनावट पानं पुष्कळ आहेत.

जर्मनीत म्युनिक शहराने लिनक्स घेऊन परत विंडोज आणलं. मग?

खरं आहे. २००३ मध्ये निर्णय झाला, २०१३ पर्यंत सुमारे १५ हजार संगणक बदलले आणि २०१७ मध्ये परत फिरायचं ठरलं. वरचे लोक बदलले की असे निर्णय बदलतात. त्याच देशात श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४ मध्ये सुमारे ३० हजार संगणक लिब्रेऑफिसकडे नेण्याचं ठरवलं. तुमच्या तीन संगणकांच्या कार्यालयाला दोन्हीपैकी कुठलंच उदाहरण फारसं लागू नाही.

अडलं तर फोन कुणाला करायचा?

ही खरी उणीव आहे. कंपनीचा माणूस दारात येत नाही. मुंबईच्या आयआयटीचा स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्प मात्र सोन्यासारखा आहे. लिब्रेऑफिस, लिनक्स अशा अनेक विषयांचे छोटे धडे तिथे मराठी आवाजात मोफत मिळतात. ते लावून शेजारी प्रोग्राम उघडा आणि धडा थांबवत थांबवत करून बघा. वाचनालयाच्या ग्रंथपालांनी कोहा पाहावं. न्यूझीलंडमध्ये सुरू झालेलं हे ग्रंथालयाचं मुक्त सॉफ्टवेअर आपल्याकडे अनेक महाविद्यालयांत आहे, त्यामुळे जवळच्या महाविद्यालयातला ग्रंथपाल तुम्हाला मदत करू शकतो.

आणि गावातल्या संगणक दुरुस्तीवाल्याला या कामाचे रीतसर पैसे द्या. तो क्रॅक टाकून देतो, कारण आपण त्याला फक्त तेवढ्याचेच पैसे देतो.

बदलायचं ठरवलं. सुरुवात कुठून करू?

विंडोज आहे तसंच ठेवा. पहिल्या आठवड्यात व्हीएलसी, फायरफॉक्स आणि झिप फाइली उघडणारं सेव्हनझिप टाका, यांची सवय लागायला काही करावं लागत नाही. मग लिब्रेऑफिस टाका, पण वर्ड काढू नका. नवीन पत्रं, नवीन याद्या त्यात करा, जुन्या फाइलींना हात लावू नका. दोन महिने असेच जाऊ द्या. या काळात एका वहीत लिहून ठेवा की वर्डकडे कधी परतावं लागलं आणि कशासाठी. त्या वहीत दोन-तीनच नोंदी निघाल्या तर परवान्याचं नूतनीकरण करू नका. पानभर निघाल्या तर करा, त्यात कमीपणा नाही.

कार्यालय असेल तर आधी सगळ्यात जास्त टाइप करणाऱ्या ताईंना विचारा. साहेबांनी ठरवलं आणि टाइप करणारीला शेवटी कळलं, अशा ठिकाणी हे कधीच टिकलेलं मी पाहिलेलं नाही. त्यांच्या संगणकावर मराठी टायपिंगची पद्धत इनस्क्रिप्ट ठेवायची की फोनेटिक ते त्यांनाच ठरवू द्या, त्यांच्या नेहमीच्या पाच नमुना-पत्रांचे साचे तुम्ही आधी तयार करून द्या आणि पहिले तीन दिवस शेजारी खुर्ची टाकून बसा.